बडी एमन्स यांची स्टील गिटार ऐकायची असेल तर : रे प्राइस यांचा ‘नाइट लाइफ’

रे प्राइस या अमेरिकी कंट्री गायकाचा (कंट्री म्हणजे तिकडच्या ग्रामीण लोकसंगीतातून आलेली शैली) ‘नाइट लाइफ’ हा अल्बम कोलंबिया कंपनीने १९६३ साली काढला. मी तो ऐकण्याची शिफारस करतो ती मुख्यतः गायकाच्या मागे बसून पेडल स्टील गिटार, म्हणजे पायाखालच्या पेडलांनी तारांचे स्वर बदलता येणारी आडवी गिटार, वाजवणाऱ्या बडी एमन्स यांच्यासाठी. प्राइस यांचा आवाज भरदार आहे आणि गाणीही चांगली आहेत, त्याबद्दल तक्रार नाही. परंतु भारतीय संगीतावर कान तयार झालेल्या श्रोत्याला या अल्बममधून जे नवे मिळते, ते जवळजवळ सगळे त्या एका वाद्यातून मिळते.

इंदूरमध्ये आमच्या पिढीला स्टील गिटार परिचित झाली ती ‘हवाइयन गिटार’ या नावाने. गणेशोत्सवातल्या कार्यक्रमांत कुणीतरी ती मांडीवर आडवी घेऊन, डाव्या हातातला पोलादी बार तारांवरून सरकवत भावगीतांच्या आणि चित्रपटगीतांच्या धुना वाजवी, आणि ज्यांच्या घरी रेकॉर्डप्लेअर असे त्यांच्याकडे सुनील गांगुली यांची एखादी तबकडी हमखास सापडे. पुढे ब्रिजभूषण काबरा यांनी हेच वाद्य रागसंगीताच्या बैठकीत नेऊन बसवले. त्यामुळे तारेवरून घसरत जाणारा स्वर आम्हाला नवा नाही. तो आम्ही मींड म्हणूनच ऐकतो. मी स्वतः हे वाद्य हौसेपुरते वाजवले आहे, आणि एमन्स यांच्याबद्दलचा माझा आदर बराचसा त्या वाजवण्यातून आलेला आहे, कारण आपल्या हाताला जे जमत नाही ते दुसऱ्याच्या हातून सहज होताना ऐकले की त्याचे मोल नेमके कळते.

हवाइयन गिटारमध्ये बार सरकवला की त्याखालच्या सगळ्या तारांचे स्वर एकदम सरकतात. बार तिरपा धरून दोन तारांमधले अंतर कमीजास्त करण्याची युक्ती वादकांना ठाऊक असते, पण तिला मर्यादा आहेत आणि ती जलद लयीत दगा देते. पेडल स्टीलने हा प्रश्न पायाकडे सोपवला. कंट्री संगीतात या वाद्याच्या दहा तारा ज्या पद्धतीने लावतात, तिचे मुख्य स्वर आपल्या भाषेत सांगायचे तर सा, ग आणि प. डाव्या पायाखालचे एक पेडल दाबले की फक्त प चढून ध होतो. शेजारचे दाबले की फक्त ग चढून शुद्ध म होतो. सा मात्र जागचा हलत नाही. दोन्ही पेडले मिळून सा-ग-प या स्वरसंगतीची सा-म-ध अशी संगती होते, आणि तिकडे जाताना दोन स्वर आपापल्या मींडेने चढत असतात तर तिसरा स्थिर उभा असतो. आपल्याकडे स्थिर षड्जाचे काम तानपुरा करतो आणि मींड गायकाच्या गळ्यात असते. येथे दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या हातापायांत एकत्र येतात, आणि बार वरखाली सरकवून ही सगळी रचना कोणत्याही पट्टीत नेता येते.

पेडल दाबून स्वर चढवण्याचा हा परिणाम कंट्री श्रोत्यांच्या कानावर ठळकपणे पडला तो १९५४ मध्ये, गायक वेब पिअर्स यांच्या एका गाजलेल्या गाण्यात स्टील गिटारवादक बड आयझॅक्स यांनी तो वाजवला तेव्हा. आयझॅक्स यांचे एकच पेडल दोन्ही स्वर एकदम चढवीत असे. एमन्स यांनी ते काम दोन पेडलांत विभागले, म्हणजे ग हलवायचा की प हलवायचा, आधी कोणता आणि मागून कोणता, हे ठरवण्याचे स्वातंत्र्य वादकाला मिळाले. ऐकायला ही सुधारणा लहानशी वाटते. परंतु आज कंट्री संगीतात पेडल स्टीलचे जे काही रडणे, उसासणे, रेंगाळणे आपण ऐकतो ते बहुतेक या विभागणीवरच उभे आहे. १९६२ च्या सुमारास त्यांनी वरच्या सा च्या अलीकडचा नी आणि पलीकडचा रे यांच्यासाठी दोन तारा जोडल्या, आणि त्या स्वरांच्या चढत्या क्रमात न बसवता सगळ्यांच्या बाहेर, पहिल्या दोन जागांवर ठेवल्या. आपल्या सतारियांना हा क्रम विचित्रच वाटेल, पण त्यामुळे जुन्या वादकांच्या बोटांना बसलेली सवय मोडली नाही आणि सरळ सुरावट वाजवण्याची सोय झाली. तारांची ही मांडणी पुढे सर्वत्र रूढ झाली.

त्यांचे चरित्र थोडक्यात सांगण्याजोगे आहे. जन्म १९३७ मध्ये इंडियाना राज्यातील मिशावाका येथे. अकराव्या वर्षी हाती साधी मांडीवरची स्टील गिटार आली आणि शिक्षण मिळाले ते जवळच्या साउथ बेंडमधील हवाइयन संगीताच्या शाळेत, म्हणजे मुळाचा विचार केला तर आमच्या गणेशोत्सवातला वादक आणि ते एकाच घराण्याचे म्हणावे लागतील. १९५५ मध्ये ते गायक लिटल जिमी डिकन्स यांच्या वाद्यवृंदात, कंट्री संगीताचे केंद्र असलेल्या नॅशव्हिल शहरात आले. नंतर अर्नेस्ट टब आणि रे प्राइस या गायकांबरोबर वाजवले. शॉट जॅक्सन या वादकासह त्यांनी ‘शो-बड’ या नावाने वाद्ये बनवण्यास आरंभ केला आणि पुढे स्वतःच्या आडनावाची वेगळी कंपनी काढली. १९८१ मध्ये स्टील गिटारवादकांच्या ‘हॉल ऑफ फेम’मध्ये त्यांचा समावेश झाला. २०१५ मध्ये ते वारले. ‘नाइट लाइफ’च्या वेळी ते जेमतेम पंचविशीत होते, हे ऐकताना खरे वाटत नाही.

अल्बमची सुरुवात प्राइस यांच्या निवेदनाने होते. ते श्रोत्यांशी घरगुती सुरात बोलतात आणि मागे संथ लयीत वाद्ये चालू असतात. हे निवेदन पहिल्यांदा गोड वाटते, पुन्हा पुन्हा ऐकताना कंटाळा आणते, आणि ते शीर्षकगीतालाच जोडलेले असल्याने टाळताही येत नाही. मात्र त्यानंतर येणारे विली नेल्सन यांनी रचलेले ते गाणे या अल्बमचा कळस आहे. गायकाची ओळ संपते तेथे स्टील गिटार शिरते. आमच्या ऑर्केस्ट्रावाल्यांच्या भाषेत याला ‘फिलर’ म्हणतात, आणि फिलर म्हणजे मोकळी जागा बुजवणे असाच बहुतेकांचा समज असतो. एमन्स यांचा फिलर ओळीला उत्तर देतो. गायकाने जो स्वर सोडला त्याच्या आसपासच ते सुरू करतात, कोमल आणि शुद्ध गंधाराच्या मधोमध क्षणभर थांबतात, खाली उतरतात आणि पुढची ओळ सुरू होण्याच्या आत बाजूला होतात. शब्दांवर वादन चढले आहे असे क्वचितच घडते.

येथे उजव्या हाताकडे आणि उजव्या पायाकडे विशेष लक्ष द्यावे. तार छेडल्यानंतर तिचा नाद नको तेथे उरू नये म्हणून वादक तळहाताच्या कडेने ती लगेच दाबतो. एमन्स यांच्या वादनात ही क्रिया इतकी स्वच्छ आहे की दोन स्वरांमधली शांतताही मोजून घेतल्यासारखी वाटते. उजव्या पायाखाली आवाज कमीजास्त करणारे पेडल असते. तार छेडताना आवाज किंचित दाबून ठेवायचा आणि नाद विरू लागताच तो हळूहळू वाढवायचा, म्हणजे तारेच्या वाद्याला गळ्यासारखा दमसास मिळतो. या सोयीचा अतिरेक करणारे वादक पुष्कळ आहेत आणि त्यांचे वादन लवकरच मिळमिळीत होते. एमन्स तो मोह टाळतात. गायक अमीर खाँसाहेबांच्या इंदूर शहरात राहणाऱ्याला संथ लयीतला संयम म्हणजे काय हे वेगळे सांगावे लागत नाही, आणि खाँसाहेबांच्या विलंबितावर पोसलेल्या माझ्या काही मित्रांनी कंट्री संगीताला नाके मुरडूनही या एका गाण्याला मान डोलावली, ही पावती मी महत्त्वाची मानतो.

बाकीचा अल्बम याच उंचीवर राहत नाही. एकटेपणा, दारू, रात्र आणि सोडून गेलेली स्त्री यांच्याभोवतीच गाणी फिरतात. सलग ऐकल्यास विषयाची आणि लयीचीही पुनरावृत्ती जाणवते. मध्यलयीच्या गाण्यांत चालता बेस (मात्रेमात्रेला पुढे सरकणारी खर्जातली सुरावट) आणि फिडल, म्हणजे व्हायोलिन, यांच्या संगतीने स्टील गिटार अधिक खेळकर होते, आणि तेथे त्या नव्या रे-नी च्या तारांचा उपयोग कसा होतो हे ओळखण्याचा प्रयत्न अभ्यासकांनी जरूर करावा. एका बैठकीत तीन-चार गाण्यांहून अधिक ऐकू नयेत, असे माझे मत आहे.

खरी तक्रार आहे ती वितरणाची. मी ज्या ॲपवर हा अल्बम ऐकतो तेथे केवळ गायकाचे नाव दिसते. वादकांचा उल्लेख कोठेही नाही, आणि एमन्स यांचे नाव शोधले तर हा अल्बम समोर येत नाही. ज्याच्यासाठी ऐकायचे त्याचाच पत्ता नसावा, हे जुन्या तबकड्यांच्या वेष्टनांपासून चालत आलेले दुखणे नव्या साधनांनीही जसेच्या तसे सांभाळले आहे. शिवाय मोबाइलच्या स्पीकरवर हा अल्बम ऐकणे व्यर्थ आहे. खालच्या तारांचा घुमारा आणि आवाजाचा तो हळुवार चढ दोन्ही त्यात हरवतात आणि उरते ती नुसती किणकिण. साधे पण बरे हेडफोन असले तरी पुरे.

शब्दप्रधान गाणी नको असणाऱ्यांसाठी एमन्स यांचा त्याच वर्षीचा ‘स्टील गिटार जॅझ’ हा स्वतंत्र अल्बम आहे. त्यात न्यूयॉर्कमधील जॅझ वादकांच्या साथीने त्यांनी या वाद्याची दुसरी बाजू, जलद आणि गुंतागुंतीची, दाखवली आहे, आणि सॅक्सोफोनच्या बरोबरीने स्टील गिटार धावताना ऐकून थक्क व्हायला होते. तरीही तेथे ते आपली क्षमता सिद्ध करत आहेत असे अधूनमधून जाणवते, आणि ‘नाइट लाइफ’मध्ये तसे एकदाही वाटत नाही, म्हणून आधी ‘नाइट लाइफ’चे शीर्षकगीत ऐकावे आणि मग जॅझकडे वळावे.