इलिओस्टोमीची दोन भागांची बॅग : आठ महिन्यांच्या वापरानंतर

गुदाशयाच्या कॅन्सरच्या ऑपरेशनमध्ये इलिओस्टोमी केली, म्हणजे लहान आतडं पोटावर बाहेर आणून मळाला वाट करून दिली; बाहेर दिसणारा आतड्याचा भाग म्हणजे स्टोमा. त्यासाठी कातडीला चिकटणारी प्लेट वेगळी, तिच्यावर बसणारी बॅग वेगळी असा ५७ मिमीचा (हे दोन्ही जोडणाऱ्या कड्याचं माप) संच आठ महिने रोज वापरात आहे. संच चांगला आहे. पण ठरलेल्या तारखांखेरीज हॉस्पिटलच्या ज्या जादा फेऱ्या पडल्या, त्यांतल्या बहुतेक स्टोमा बसावा म्हणून प्लेटला कापलेल्या भोकापायी पडल्या. म्हणून त्याबद्दलच जास्त लिहिते.

डिस्चार्ज मिळतो तेव्हा स्टोमा सुजलेला असतो. पुढचे सहा ते आठ आठवडे तो आकसत जातो. पहिल्या आठवड्यात ३८ मिमीला बसणारं भोक दीड महिन्यानंतरही तेवढंच कापलं, तर स्टोमाभोवती कातडीचं एक कडं उघडं पडतं. इलिओस्टोमीतून येणारा मळ पातळ असतो, त्यात पाचक रस असतात. तो उघड्या कातडीला लागला की काही तासांत ती लाल होते, मग सोलवटते आणि पाझरत राहते. पाझरत्या कातडीवर प्लेट धरत नाही, म्हणून गळते; गळते म्हणून आणखी सोलवटते. लोक इथे कंपनी बदलतात, आणि नवी प्लेटही त्याच मापाने कापतात! पहिले दोन महिने दर आठवड्याला मापाचं कार्ड (वेगवेगळ्या मापांची भोकं असलेला पुठ्ठा) लावून बघा. भोक स्टोमापेक्षा फक्त २ ते ३ मिमी मोठं हवं. स्टोमा क्वचितच गोल असतो, त्यामुळे पारदर्शक प्लास्टिकवर त्याचा आकार उतरवून घेणं उत्तम.

प्लेट बदलायची ती सकाळी चहाच्याही आधी, पोट शांत असताना. एका हाताने कातडी दाबत वरून खाली सोडवायची. कोमट पाणी आणि मऊ फडकं पुरतं. खोबरेल, क्रीम, बेबी वाइप्स यांचा तेलकट थर राहतो आणि प्लेट निसटते. पुसताना रक्ताचा एखादा ठिपका आला तर घाबरू नका. कातडी सोलवटलेली असेल तर स्टोमा पावडर भुरभुरवून जादा पावडर झटकायची, वर बॅरियर फिल्म (कातडीवर पातळ संरक्षक थर देणारं द्रव) टिपायची, वाळू द्यायची. असे दोन-तीन थर. सुटी पावडर राहिली तर प्लेट चिकटणारच नाही. प्लेटखाली लावायची स्टोमा पेस्ट हा गोंद नव्हे, खळगे बुजवायचं लुकण आहे. बऱ्याच पेस्टमध्ये अल्कोहोल असतं, सोलवटलेल्या जागी ती आगडोंब करते. तिथे पेस्टऐवजी स्टोमाभोवती बसवायची मऊ चिकट रिंग वापरावी. प्लेट मिनिटभर तळव्यांत धरून ऊबवली आणि लावल्यावर दोन ते पाच मिनिटं हाताने दाबून ठेवली, की टिकण्यात चांगलाच फरक पडतो. बॅग बसवताना खालून वर बोट फिरवत टक् आवाज ऐकायचा, मग हलकेच ओढून बघायची.

थंडीत प्लेट चार दिवस टिकली. मे महिन्यात आणि पावसाळ्यात मुंबईच्या दमट हवेत तीन, कधी दोनच. बॅग आणि पोट यांच्यामध्ये जुन्या मलमलीचं कव्हर घातलं की घाम टिपला जातो. प्लेटखाली खाज आणि कडेला सुटे लाल ठिपके दिसले, तर बहुधा बुरशी असते. ती स्टोमा पावडरने जात नाही. डॉक्टरांकडून बुरशीवरची पावडर लिहून घ्यावी.

संचाचा खरा दोष म्हणजे बॅगेतला वायू बाहेर सोडणारा फिल्टर. ओला झाला की बंद पडतो आणि बॅग फुग्यासारखी होते. आंघोळीआधी त्यावर सोबतचा स्टिकर लावावाच. बॅग एक तृतीयांश भरली की रिकामी करावी, नाहीतर वजनाने प्लेट उचलली जाते.

आता बॅगेशी संबंध नसलेल्या, पण थेट कॅज्युअल्टीत नेणाऱ्या गोष्टी. दिवसाचा मळ खुणेच्या मगात मोजा. दीड लिटरच्या वर गेला, लघवी कमी आणि गडद झाली, पोटऱ्यांत गोळे आले, तर शरीरातलं मीठ-पाणी उतरतंय. अशा वेळी नुसतं साधं पाणी ढोसल्याने मळ आणखी वाढतो. ओआरएसचं मोठं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यातच घोळावं, आणि डॉक्टरांना त्याच दिवशी कळवावं. मऊ भात, केळं, साबुदाण्याची पेज यांनी मळ दाट होतो. उलट मक्याचं कणीस, ओलं खोबरं, फणस यांनी आतडं तुंबू शकतं. चार-सहा तास काहीच आलं नाही, पोटात कळा आणि उलट्या असल्या, तर जुलाबाचं औषध अजिबात देऊ नका, हॉस्पिटल गाठा. स्टोमा जांभळा-काळा दिसला तरीही तसंच. केमो चालू असताना ताप १००.४ फॅरनहाइटला पोचला, तर रात्र असली तरी निघायचं.

बाहेर जाताना पिशवीत आधीच कापलेल्या दोन प्लेट, दोन बॅगा, फडकं आणि कचऱ्याच्या पिशव्या हव्यात. परळला हॉस्पिटलात लोकलने जायचं तर दिव्यांगांच्या डब्यातून कॅन्सरच्या पेशंटना जाता येतं. हॉस्पिटलचे कागद जवळ ठेवा. जूनच्या आधीच पंधरा दिवसांचा जादा साठा करून ठेवावा. परळजवळच्या हिंदमाताला पाणी तुंबलं की दुकानापर्यंत पोचणंही अवघड होतं. साठा सावलीत ठेवा, उन्हात प्लेटचा चिकट थर विरघळतो.