प्राणिवर्तनाचा अभ्यास : प्राणिशास्त्र, मानसशास्त्र, प्राणिकल्याण की पशुवैद्यक?

कोंबडी धूळस्नान करते तेव्हा ती आधी चोचीने आणि पायांनी माती उकरते, मग खाली बसून पिसे फुलवते, पंखांच्या झटक्यांनी धूळ पिसांच्या मुळांपर्यंत उडवते, डोके आणि कूस जमिनीला घासते आणि अखेरीस उभी राहून सगळे अंग झटकते. हे पाहताना एकाच्या मनात येते की ही रीत तिच्या रानटी पूर्वजांकडून आली असेल का. दुसऱ्याला वाटते की ही धूळ लोळण्याजोगी आहे हे तिला कसे कळले. तिसऱ्याला काळजी लागते की पिंजऱ्यात धूळच नसेल तर तिचे काय होत असेल. आणि चौथा विचारतो की ही जरा जास्तच लोळते आहे, तिला त्वचेचा विकार तर नाही ना. विद्यापीठात प्राणिवर्तन शिकू इच्छिणाऱ्यापुढे साधारणपणे चार मार्ग असतात : प्राणिशास्त्र, मानसशास्त्र, प्राणिकल्याण आणि पशुवैद्यक. वरचे चार प्रश्न त्याच क्रमाने या चार मार्गांचे आहेत. आवडत्या प्राण्यावरून मार्ग निवडला की बहुधा फसगत होते, निवड प्रश्नावरून करावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

या विषयाची मूळ चौकट निको टिनबर्गन या डच शास्त्रज्ञाने १९६३ साली मांडली. कोणत्याही वर्तनाबद्दल चार वेगवेगळे प्रश्न विचारता येतात, असे त्यांचे म्हणणे होते : ते आत्ता कशामुळे घडते, प्राण्याच्या आयुष्यात ते कसे विकसित होते, त्याचा जगण्याला उपयोग काय आणि उत्क्रांतीच्या ओघात ते कसे आले. १९७३ साली टिनबर्गन, कोनराड लोरेन्झ आणि कार्ल फॉन फ्रिश यांना शरीरक्रियाशास्त्र किंवा वैद्यकशास्त्रातील नोबेल पारितोषिक विभागून मिळाले, तेव्हा प्राण्यांकडे शांतपणे पाहत बसणे हेही विज्ञान आहे यावर शिक्कामोर्तब झाले. लोरेन्झ आधी वैद्यक शिकले आणि नंतर प्राणिशास्त्राकडे वळले, म्हणजे या क्षेत्रात एका दाराने शिरून दुसऱ्या दालनात जाता येते. पण पदवीची पहिली तीन-चार वर्षे कोणत्या दालनात जातात, यावरून विचार करण्याची सवय घडते, आणि ती सवय पुढे सहसा बदलत नाही.

प्राणिशास्त्राच्या विभागात उत्क्रांती आणि उपयोग हे दोन प्रश्न मध्यभागी असतात. धूळस्नानाबद्दल येथे शिकवले जाईल की पाळीव कोंबडीचा मुख्य पूर्वज म्हणजे लाल रानकोंबडा, की धुळीमुळे पिसांवरचा जुना तेलकट थर निघून जातो आणि पिसे फुललेली राहतात, आणि की ज्या पक्ष्यांची पिसे नीट राहिली त्यांची जगण्याची शक्यता वाढली असणार, हा तर्क तपासून कसा पाहायचा. मात्र अर्ज करण्यापूर्वी हे माहीत असावे की प्राणिशास्त्राच्या पदवीत वर्तनाचा वाटा बहुतेक ठिकाणी लहान असतो. आनुवंशिकी, शरीररचना, शरीरक्रिया, पेशीविज्ञान, परिसंस्थाशास्त्र, अपृष्ठवंशीय प्राण्यांचे वर्गीकरण हे सगळे आधी पार करावे लागते, आणि वर्तनाचे एक-दोन अभ्यासक्रम पुढच्या वर्षांत येतात. ज्यांना फक्त माकडे किंवा हत्ती पाहायचे असतात ते पहिल्याच वर्षी कंटाळतात. पण ज्याला गांडुळाच्या चेतारज्जूतही रस वाटतो त्याला या विस्ताराचा पुढे मोठा फायदा होतो, कारण एखाद्या वर्तनाचा अर्थ लावण्यासाठी ते करणारे शरीर आणि तो परिसर दोन्ही ठाऊक असावे लागतात. क्षेत्रकार्याची खरी संधीही याच मार्गावर सर्वाधिक आहे.

मानसशास्त्राच्या विभागात प्रश्न आतल्या बाजूने येतो : प्राणी शिकतो कसा, लक्षात ठेवतो काय, एका गोष्टीवरून दुसरी ताडतो का. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १८९८ साली कोड्याच्या पेटीत मांजरे ठेवून सुटकेला लागणारा वेळ मोजला, तेव्हापासून अभिसंधान (एका गोष्टीची दुसरीशी सांगड घालायला शिकणे) आणि प्रबलन (बक्षिसाने वर्तन पक्के होणे) यांची ही परंपरा चालत आली आहे. या मार्गाचे सर्वात मोठे देणे म्हणजे संशयाची शिस्त. हान्स नावाचा घोडा बेरजा-वजाबाक्या करून खुराने उत्तर ठोकतो, याची विसाव्या शतकाच्या आरंभी जर्मनीत मोठी ख्याती झाली होती. मानसशास्त्रज्ञ ऑस्कर फुंगस्ट यांनी पद्धतशीर चाचण्या घेऊन १९०७ साली दाखवले की प्रश्न विचारणाऱ्यालाच उत्तर ठाऊक नसेल किंवा तो घोड्याला दिसत नसेल तर घोडा चुकतो. तो गणित करीत नव्हता, योग्य ठोका येताच समोरच्या माणसाच्या अंगात नकळत होणारी सूक्ष्म हालचाल टिपत होता. मला या प्रसंगात घोड्याची मानहानी वाटत नाही. माणसाला स्वतःलाच न कळणारी हालचाल ओळखणे ही त्याची बुद्धी आपण अपेक्षिलेल्या बुद्धीहून वेगळी, पण विलक्षणच होती. प्राण्याच्या मनाबद्दल काही म्हणण्यापूर्वी सोपी कारणे एकेक करून बाद कशी करायची, हे मानसशास्त्राइतके कसोशीने दुसरा कोणताही विभाग शिकवत नाही.

या दोन मार्गांची उणी बाजूही शेजारी शेजारी ठेवून पाहावी. मानसशास्त्राच्या पदवीत बहुतांश वेळ माणसाचा अभ्यास असतो : बालविकास, व्यक्तिमत्त्व, मनोविकार, समूहवर्तन. विभागात प्राण्यांवर काम करणारा एकही अध्यापक नसेल तर शेवटच्या वर्षाचा प्रकल्पही माणसांवरच करावा लागतो. उलट, मानसशास्त्रात संशोधनपद्धती आणि सांख्यिकी पहिल्या वर्षापासून सक्तीची असते, तर प्राणिशास्त्राच्या अनेक अभ्यासक्रमांत ती उशिरा आणि वरवर येते. प्राणिशास्त्रज्ञाला शेकडो जाती तोंडओळखीने माहीत असतात, तर मानसशास्त्राच्या विद्यार्थ्याची ओळख उंदीर, कबूतर, कुत्रा आणि काही माकडे यांच्याभोवती फिरते, पण त्या थोड्या जातींबद्दलचा त्याचा प्रयोग अधिक काटेकोर असतो. ज्याला प्राणी त्याच्या जागी, त्याच्या शत्रूंसह आणि त्याच्या ऋतूंसह समजून घ्यायचा आहे त्याने प्राणिशास्त्र घ्यावे. ज्याला त्या प्राण्याच्या डोक्यात काय चालले आहे हा प्रश्न झोपू देत नाही, त्याला मानसशास्त्र अधिक मानवेल.

प्राणिकल्याणाचा मार्ग अनेकांना ठाऊकच नसतो, आणि ज्यांना असतो ते त्याला भूतदया समजतात. खरे तर येथे दयेपेक्षा मोजमाप अधिक आहे. ब्रिटनमध्ये १९६५ साली ब्रँबेल समितीने पाळीव पशुपक्ष्यांच्या संगोपनाबद्दल अहवाल दिला. कोंबड्यांच्या पिंजऱ्यात बारीक षटकोनी जाळीचा तळ नसावा, जाड तारांचा असावा, अशी एक शिफारस त्यात होती, कारण बारीक जाळी पायांना टोचत असेल असे समितीला वाटले. १९७३ साली ह्यूज आणि ब्लॅक या संशोधकांनी कोंबड्यांनाच निवड करू दिली, तेव्हा त्यांनी बारीक जाळीला पसंती दिली. त्या जाळीवर पायाला अधिक ठिकाणी आधार मिळत होता. सहृदय माणसांच्या समितीला जे उमगले नाही ते प्राण्याला योग्य रीतीने विचारल्यावर कळले, आणि या शाखेचे सगळे सामर्थ्य या एका उदाहरणात दिसते. रात्री उंच दांडीवर बसायला मिळावे म्हणून कोंबडी किती जड दार ढकलते हे मोजूनही तिची गरज किती तीव्र आहे हे ठरवता येते. नुसत्या तारांच्या तळावर, समोर धुळीचा कणही नसताना, कोंबडी धूळस्नानाच्या सगळ्या हालचाली करीत राहते हे निरीक्षण मी पहिल्यांदा वाचले तेव्हा पुस्तक बाजूला ठेवून बराच वेळ बसून राहिलो होतो. अशा अभ्यासांचा परिणाम कायद्यापर्यंत पोहोचतो : युरोपीय संघाने १९९९ च्या निर्देशाद्वारे अंडी देणाऱ्या कोंबड्यांचे सुविधाहीन, म्हणजे बसायला दांडी किंवा अंड्यांसाठी घरटे नसलेले, पिंजरे २०१२ च्या आरंभापासून बंद केले. आपल्या अभ्यासाने कोणाचे तरी जगणे सुसह्य व्हावे अशी ज्याची तळमळ आहे, त्याच्यासाठी हाच मार्ग आहे. मात्र कत्तलखाना, दुग्धशाळा आणि प्रयोगशाळेतील पिंजरे वारंवार आणि जवळून पाहण्याची तयारी हवी. ज्याला ते पाहवत नाही त्याच्यासाठी हे शिक्षण फार जड जाते.

पशुवैद्यकाबद्दल थोडक्यात सांगतो. हे शिक्षण लांब, खर्चिक आणि प्रवेशाच्या दृष्टीने सर्वात चुरशीचे आहे, आणि त्यात वर्तनाचा वाटा अगदी थोडा असतो. तरीही वर्तनाच्या तक्रारींवर उपचार करायचे असतील तर त्याला पर्याय नाही, कारण अचानक चावू लागलेला कुत्रा वेदनेने चावत असू शकतो आणि ठरलेली जागा सोडून लघवी करणाऱ्या मांजराला मूत्रमार्गाचा विकार असू शकतो, आणि निदान करून औषध देण्याचा अधिकार पशुवैद्यालाच असतो. रक्त, जखमा आणि रात्री-अपरात्रीचे बोलावणे यांची मनापासून तयारी असेल तरच इकडे वळावे. केवळ वर्तनाच्या ओढीने पशुवैद्यक निवडणे मला योग्य वाटत नाही.

मज्जाविज्ञान, म्हणजे मेंदू आणि चेतासंस्थेचा अभ्यास, हा पाचवा मार्ग म्हणता येईल, पण त्यात चेतापेशींचे काम इतके असते की पुष्कळदा पूर्ण प्राणी नजरेआड होतो. शिवाय तेथे प्राण्यांवर शस्त्रक्रिया होऊ शकतात. रसेल आणि बर्च या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी १९५९ साली मांडलेली तीन तत्त्वे, म्हणजे प्राण्यांना पर्याय शोधणे, त्यांची संख्या कमी करणे आणि त्यांचा त्रास कमी करणे, आज सर्वत्र शिकवली जातात. तरी स्वतःची मर्यादा कोठे आहे हे प्रवेशापूर्वीच ठरवलेले बरे, आणि विभागात कोणते प्रयोग सक्तीचे आहेत हे आधीच विचारण्यात काही संकोच बाळगू नये.

काही विद्यापीठे थेट ‘प्राणिवर्तन’ या नावानेच पदवी देतात. नाव पाहून मन ओढ घेते, परंतु अशा दोन पदव्यांमध्ये जमीन-अस्मानाचा फरक असू शकतो. चांगल्या अभ्यासक्रमात टिनबर्गन यांचे चारही प्रश्न हाताळले जातात आणि जीवशास्त्र व मानसशास्त्र हे दोन्ही विभाग मिळून शिकवतात. कच्च्या अभ्यासक्रमात प्राण्यांची देखभाल आणि प्रशिक्षण यांनाच वर्तनशास्त्र म्हटलेले असते. ओळखण्याची खूण सोपी आहे : सांख्यिकीचे किती अभ्यासक्रम सक्तीचे आहेत आणि शेवटच्या वर्षी विद्यार्थ्याला स्वतः नोंदी घेऊन प्रकल्प करावा लागतो का, हे पाहावे. दोन्ही उत्तरे समाधानकारक नसतील तर साधी प्राणिशास्त्राची किंवा मानसशास्त्राची भक्कम पदवी घेऊन पदव्युत्तर पातळीवर प्राणिवर्तनाकडे वळणे अधिक शहाणपणाचे आहे. निश्चय झालेला नसणाऱ्या विद्यार्थ्याला मी हाच सल्ला देईन.

सांख्यिकीवर मी इतका भर देतो त्याला कारण आहे. माकडांच्या अभ्यासक जीन ऑल्टमन यांनी १९७४ साली निरीक्षणाच्या पद्धतींवर एक निबंध लिहिला, आणि आजही या क्षेत्रातला जवळजवळ प्रत्येक विद्यार्थी त्यावरून धडा घेतो. जे डोळ्यांत भरेल ते लिहीत गेलो तर वहीत भांडणेच भांडणे दिसतात आणि शांत बसण्याचे तास गायब होतात. म्हणून एका प्राण्याला ठरावीक वेळ सतत पाहावे, किंवा ठरावीक अंतराने सगळ्या कळपावरून नजर फिरवून त्या क्षणी कोण काय करीत आहे ते टिपावे. नोंदीत ‘कोंबडी खूश आहे’ असे लिहायचे नसते. ‘बसली, पिसे फुलवली, डावा पंख झटकला’ असे लिहायचे असते, म्हणजे दुसऱ्या निरीक्षकाचीही नोंद तीच येते. त्यानंतर परिसंस्थाशास्त्रज्ञ स्टुअर्ट हर्लबर्ट यांनी १९८४ मध्ये दाखवलेली चूक टाळायची असते : एकाच कोंबडीच्या शंभर नोंदी म्हणजे शंभर कोंबड्या नव्हेत. हे सगळे कोरडे वाटेल, पण यावाचून प्राण्यावरचे प्रेम म्हणजे आपल्याच भावना त्याच्यावर लादणे ठरते. चारही मार्गांवर हे शिकावेच लागते, फक्त कोठे लवकर, कोठे उशिरा.

उपजीविकेचा विचारही स्पष्टपणे केला पाहिजे. विद्यापीठातील संशोधनाच्या जागा थोड्या असून त्यांना पीएचडी लागते. प्राणिसंग्रहालये, वन्यजीव संरक्षण आणि प्रयोगशाळांतील प्राण्यांची देखरेख येथे कामे मिळतात, पण त्यासाठी पदवीच्या काळातच प्रत्यक्ष अनुभव मिळवावा लागतो. पाळीव प्राण्यांच्या वर्तनावर सल्ला देण्यासाठी अमेरिकेतील ॲनिमल बिहेवियर सोसायटीसारखी संस्था जे प्रमाणपत्र देते, त्याला पदव्युत्तर किंवा पीएचडीचे शिक्षण आवश्यक असते, म्हणजे केवळ पदवी पुरत नाही. चिंपांझींच्या अभ्यासक जेन गुडॉल १९६० मध्ये आफ्रिकेतील (आजच्या टांझानियातील) गोंबेच्या जंगलात गेल्या तेव्हा त्यांच्याकडे पदवी नव्हती आणि १९६६ मध्ये त्यांना केंब्रिजची डॉक्टरेट मिळाली, हे उदाहरण अनेकदा दिले जाते. ते खरे आहे, पण तो अपवाद होता आणि त्यावर स्वतःची योजना आखू नये. कल्याण आणि पशुवैद्यक या मार्गांवर पदवी थेट कामाशी जोडलेली असते. प्राणिशास्त्र आणि मानसशास्त्र यांत पुढचे शिक्षण गृहीत धरावे लागते, मात्र सांख्यिकी आणि संगणकीय विश्लेषण पक्के असेल तर क्षेत्राबाहेरही दारे उघडी राहतात.

अर्ज भरण्यापूर्वी जवळ सहज दिसणारा एखादा प्राणी निवडावा, मग तो कावळा असो, मुंगी असो की खारूताई. आठवडाभर रोज अर्धा तास, दर मिनिटाला तो काय करीत आहे ते केवळ क्रियापदांत टिपावे आणि मनात आलेले प्रश्न समासात लिहीत जावे. आठव्या दिवशी नोंदी बाजूला ठेवून फक्त समास वाचावा, आणि त्यातले प्रश्न कोणत्या विभागाचे आहेत ते मोजावे.