पथ्याचा डबा, राजारामपुरी: एकदम बेस्ट

आमच्या पक्षी बघणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधले एक काका डेंग्यूनं ॲडमिट झाले आणि ग्रुपवर लगेच पपईच्या पानांचा रस, काढे, प्लेटलेटचा रिपोर्ट टाका, एकानं तर अंगदुखीसाठी आयबुप्रोफेन सुचवलं, जी डेंग्यूत घ्यायचीच नसते, रक्तस्रावाचा धोका वाढतो. ॲडमिननी ते सगळं थांबवलं आणि एकट्यांनीच काकूंना फोन लावला, काय लागतंय सांगा. त्या म्हणाल्या, जेवणाचं तेवढं बघा.

म्हणून राजारामपुरीतल्या या घरगुती खानावळीतून डबा लावला. मऊ गुरगुट्या भात, मुगाचं पातळ वरण, दुधीची भाजी, वेगळ्या डबीत ताक, तिखट अजिबात नाही, आपल्या कोल्हापुरात असलं जेवण बाहेर मिळणं लई अवघड. ताईंनी स्वतःहून विचारलं, शुगर आहे का, मीठ कमी करू का! डबा दवाखान्याच्या गेटवरच देतात, वॉर्डात गर्दी नको म्हणून, हे फार आवडलं.

वर्गणी काढली पण कुणी किती दिले ते ग्रुपवर टाकलं नाही, तेच बरं.

रविवारी रात्री बंद असतंय. आदल्या दिवशी संध्याकाळपर्यंत सांगायला लागतंय.