आंब्याच्या बागेत काकडीचा ल्यूर

एप्रिल लागला, आंबा भरू लागला की कोकणात बागांच्या वाटेवर फळमाशीचे सापळे विकणारे फिरू लागतात. सगळे काही भामटे नसतात. आमच्या वाडीत आला तो मात्र पक्का निघाला. त्याच्या सांगण्यात खोटं फार थोडं होतं, म्हणूनच त्याची रीत नीट समजून घेतलेली बरी.

गाडीवर बॅनर, गळ्यात ओळखपत्र, तोंडी सतत दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा रक्षक सापळा. पैशांचा विषयच काढला नाही. "काका, आधी बघा, मग घ्या," म्हणाला आणि स्वतःजवळचा एक सापळा कुंपणाकडच्या रायवळ आंब्याला टांगून गेला. त्या झाडाखाली पडीचे आंबे कुजत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी भांड्याच्या तळाला माशांचा बोटभर थर! एवढं डोळ्यांनी बघितल्यावर नाही कोण म्हणणार? आम्ही पाच-सहा बागायतदारांनी मिळून मागणी दिली. सापळ्याला 180 रुपये, सगळे आगाऊ, फोनवरून. वर कंपनीच्या कागदावर लेखी हमी मिळाली की फवारणी न करता बाग शंभर टक्के माशीमुक्त होईल. आत काय आहे विचारलं तर म्हणे परदेशी फॉर्म्युला, सांगता येत नाही.

माल आला. भांडी तीच, ल्यूर म्हणजे माशीला ओढणारं आमिष चंदेरी पाकिटांत, पाकिटावर आंब्याच्या चित्राचं स्टिकर. कलमांना टांगले आणि ते रिकामेच राहिले. फोन केला तर म्हणतो, "माशीच नाही तुमच्या बागेत, म्हणून पडत नाही. चांगलंच झालं की!" या उत्तरावर काय बोलणार. पुढे वळवाचा पाऊस झाला, त्यानंतरच्या तोडीच्या पेट्या वाशीला गेल्या आणि दलालाचा फोन आला. वरून डाग नाही, कापला की आत अळ्या. मादी सालीखाली अंडी घालते तेव्हा सुईने टोचल्याएवढीच खूण राहते. तोडताना ती कोणाच्याही नजरेस पडत नाही, आढीत आंबा पिकला की प्रकार उघडा होतो.

बिंग फुटलं ते कारल्यामुळे. उरलेला एक सापळा वहिनीने घरामागच्या मांडवाला टांगला होता, तो माशांनी गच्च. त्यातल्या चार-दोन आणि रायवळाखालच्या चार-दोन माशा पांढऱ्या कागदावर शेजारी शेजारी ठेवल्या. आंब्यावरच्या माशीचे पंख स्वच्छ, वरच्या कडेला तेवढी बारीक काळी रेघ. मांडवावरचीच्या पंखाची कड मात्र रुंद काळपट, टोकाला डाग आणि पंखावर आडवा पट्टा. म्हणजे ही काकडी-कारल्यावरची माशी. मग पाकीट पाण्यात भिजत टाकलं. आंब्याचं स्टिकर सुटून आलं आणि खालचा छापील मजकूर दिसला: वेलवर्गीय भाज्यांसाठी. मुदत आदल्या वर्षीच संपलेली.

या दोन माशांची आमिषं वेगळी. आंब्यावरच्या माशीचा नर मिथाइल युजेनॉलवर येतो, वेलभाज्यांवरच्या माशीचा नर क्यू ल्यूरवर, आणि एकीचा नर दुसरीच्या आमिषाकडे ढुंकूनही बघत नाही. रायवळाला टांगला त्या सापळ्यात खरं मिथाइल युजेनॉल होतं, आम्हाला विकला तो भाजीचा शिळा माल. गुपित फॉर्म्युला वगैरेही थापच. बिहारमधल्या पुसा इथल्या संस्थेत हॉवलेट या कीटकशास्त्रज्ञाने मिथाइल युजेनॉल असलेल्या सिट्रोनेला गवताच्या तेलावर नर फळमाश्या झेपावतात हे 1912 साली लिहून ठेवलंय. मिथाइल युजेनॉल तर आपल्या तुळशीतही असतं.

आता त्या हमीबद्दल. माल अस्सल असता तरी हमी खोटीच होती. सापळ्यात मरतो तो नर, डंख मारते ती मादी. नर संपले की माद्या फळत नाहीत हे खरं, पण त्यासाठी सगळ्या वाडीने हंगामाच्या आधीपासून सापळे लावायला हवेत. नाहीतर शेजारच्या बागेत फळलेली मादी उडत येतेच. पडलेल्या आंब्यातली अळी मातीत शिरून कोष करते आणि उन्हाळ्यात तीनेक आठवड्यांत पुढची पिढी तयार. आंबा संपला तरी जांभूळ, पेरू, चिकू आहेतच तिच्यासाठी. पडीचे आंबे रोज गोळा करून खोल पुरायचं काम कुठलंही भांडं तुमच्यासाठी करत नाही. 1 मे 2014 पासून युरोपीय संघाने फळमाशीपायी भारतीय आंबा बंद केला होता, तो जानेवारी 2015 मध्ये खुला झाला. सापळा टांगून माशी शंभर टक्के जात असती तर युरोपला जाणारा आंबा 48 अंशांच्या पाण्यात तासभर कोण बुडवत बसलं असतं?

तेव्हा दाखवायला आणलेल्या सापळ्यावर जाऊ नका. जो माल विकणार त्याच्याच बंद खोक्यातलं पाकीट आपल्या हाताने उचला, सकाळच्या वेळी पडीच्या आंब्यांजवळ टांगा. माशी असेल आणि ल्यूर खरा असेल तर पाव तासात नर घिरट्या घालायला लागतात. मग पैसे. बिलावर घटकाचं नाव, बॅच नंबर आणि मुदत लिहून घ्या. देत नसेल तर त्याला चहा पाजून वाटेला लावा.

आम्ही पंचायत समितीच्या कृषी विभागात पाकिटं आणि हमीपत्र जोडून तक्रार दिली आहे, पैसे फोनवरून गेले म्हणून सायबर फसवणुकीच्या 1930 या मदत क्रमांकावरही नोंदवली आहे. त्याचा नंबर बंद आहे. पावसाळ्यानंतर पेरूच्या पट्ट्यात जाणार असं तो बोलता बोलता म्हणाला होता. पेरूलाही हीच आंब्याची माशी लागते, तेव्हा तिकडच्या बागायतदारांनी चंदेरी पाकिटावरचं स्टिकर आधी ओलं करून बघावं.