बोटीच्या इंजिनाचं ऑनलाइन मॅन्युअल आणि त्याखालची प्रतिसादपेटी: आठ महिन्यांनंतर

डिझेल इंजिनाच्या मराठी मॅन्युअलमध्ये प्रत्येक पानाखाली ही पेटी आहे. वाचक म्हणजे हर्णैपासून मालवणपर्यंतचे मेकॅनिक नि तांडेल, म्हणजे बोट चालवणारे. आधीचा प्रश्न होता, 'हे पान उपयोगी पडलं का?' तो लगेच बदलावा लागला. इंपेलर (पाण्याच्या पंपातलं रबरी चक्र) महाग मिळाला की लोक पानावर राग काढून 'नाही' दाबत. 'या पानावरून काम झालं का?' असं विचारल्यावर उत्तरं पानाबद्दल यायला लागली. पर्याय तीन: झालं, अर्धवट, नाही. त्यातला 'अर्धवट' सर्वांत कामाचा, कारण तो दाबणारा माणूस कुठे अडलं तेही बहुधा लिहितो.

टक्केवारीवर विसंबू नका. चारपैकी तिघांनी 'झालं' म्हटलं की ७५ टक्के दिसतात. थोड्या मतांवरून अंदाजाचा पट्टा काढायच्या, संख्याशास्त्रज्ञ विल्सनच्या १९२७ च्या सूत्राने, ९५ टक्के खात्री धरली, तर खरा आकडा ३० ते ९५ यांच्यात कुठेही असू शकतो. शंभरपैकी ७५ असतील तर तोच पट्टा ६६ ते ८२ इतका अरुंद होतो. पण एका पानाला शंभर मतं देतंय कोण?

त्यापेक्षा ओळी वाचा. डिझेल फिल्टर बदलल्यावर हवा काढायच्या पानावर नुसते 'नाही' साचत होते. मग एक ओळ आली: 'फेस थांबणा नाय', म्हणजे हवा निघतच नव्हती. पानात इंजेक्टरच्या पाइपचे नट आधी सैल करायला सांगितलं होतं. क्रम उलटा हवा: आधी फिल्टरवरचा स्क्रू, मग फ्युएल पंपावरचा, नट शेवटी.

या ओळीच सुरुवातीला अर्ध्यावर तुटायच्या. डेटाबेसमध्ये मर्यादा २५५ बाइटची, आणि यूटीएफ-८ मध्ये (मजकूर साठवायच्या पद्धतीत) देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं. म्हणजे जेमतेम ८५ चिन्हं. 'क्षि' एकटीच १२ बाइट घेते, कारण ती क, हलंत, ष, वेलांटी अशी चार चिन्हं धरली जाते. मर्यादा चिन्हांत मोजायला लावली तेव्हा कुठे वाक्यं पुरी मिळाली.

खाडीकाठी रेंज गेली की उत्तर हवेत विरतं. ते फोनमध्येच साठवून रेंज आल्यावर पाठवायची सोय चालू करावी, पण प्रत्येक उत्तराला क्रमांक द्यावा. नाहीतर एकच मत तीनदा मोजलं जातं.

जून-जुलैच्या मासेमारीबंदीत इंजिनं खोललेली असतात, लोक ओव्हरहॉलची लांब पानं निवांत वाचतात. नारळी पौर्णिमेनंतर समुद्रात बंद पडलेलं इंजिन आणि ओले हात. या दोन हंगामांची मतं एकमेकांशी ताडून पाहण्यात अर्थ नाही. आणि हो, बटणं अंगठ्याएवढी ठेवा.

मोठी उणीव एकच: मतासोबत पानाची आवृत्ती साठत नाही. हवेचं पान सुधारलं तरी जुने 'नाही' त्याच्याच नावावर राहिले. सध्या दुरुस्तीची तारीख वहीत टिपून त्याआधीची मतं हाताने वेगळी काढावी लागतात.