रेणू, प्रकाश आणि नॅनो शिकवण्याचा संच : शैक्षणिक वर्षभर वापरल्यानंतर

आमच्या प्रयोगशाळेत जून महिन्यात हा संच आला आणि माध्यमिकच्या वरच्या वर्गांना मी तो वर्षभर वापरला. बनवणाऱ्याचं नाव घेत नाही, कारण अशा बहुतेक पेट्यांमध्ये सामान साधारण हेच असतं: रेणूंचे गोळे-काड्या, ग्रेटिंगच्या (अगदी जवळजवळ रेघा ओढलेल्या पारदर्शक) फिल्म, लाल लेझर, जांभळा एलईडी, ओलेइक आम्लाची बाटली, सोन्याच्या नॅनोकणांची कुपी, फेरोफ्लुइड (चुंबकाकडे ओढला जाणारा काळा द्रव) आणि 'नॅनो' लिहिलेला एक कापडाचा तुकडा. सोबतच्या पुस्तिकेत प्रत्येक प्रयोगाचं उत्तर प्रयोगाच्या आधीच छापलंय. मी ती पहिल्याच आठवड्यात कपाटात ठेवली.

पेटीतली सगळ्यात भपकेदार वस्तू म्हणजे गोळे-काड्या. सगळ्यात कमी कामाची, आणि एका बाबतीत नुकसान करणारीही, तीच. अणूंना रंग देण्याची ही पद्धत जुनी आहे. १८६५ साली रसायनशास्त्रज्ञ हॉफमान यांनी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये क्रोके या खेळाचे चेंडू रंगवून रेणू दाखवले होते; कार्बन काळा, हायड्रोजन पांढरा, ऑक्सिजन लाल, नायट्रोजन निळा हे तेव्हापासूनचं. पण मुलं आठवडाभर हे गोळे हाताळतात आणि मग एखादी शांतपणे विचारते, "सर, ऑक्सिजन लाल असतो तर हवा लाल का दिसत नाही?" प्रश्न चांगला आहे, पण तो संचाने निर्माण केलेला आहे.

तरी गोळे फेकून देऊ नका. त्यांचा खरा उपयोग प्रमाण शिकवताना होतो. पाण्याच्या रेणूत ऑक्सिजन आणि हायड्रोजनमधलं अंतर ०.०९६ नॅनोमीटर (नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग), ढोबळ ०.१. संचातली काडी ३ सेंटिमीटरची. म्हणजे आपण रेणू तीस कोटी पट मोठा करून हातात धरलाय. आता मुलांना विचारायचं: याच प्रमाणात हिरव्या प्रकाशाची एक तरंगलांबी केवढी होईल? ५३२ नॅनोमीटर गुणिले तीस कोटी, सुमारे १६० मीटर. केसाची जाडी ७५ मायक्रोमीटर (एक मायक्रोमीटर म्हणजे हजार नॅनोमीटर) धरली तर ती साडेबावीस किलोमीटर. हे गणित फळ्यावर मांडलं की वर्ग गप्प होतो. हातात मावणारा रेणू आणि मैदानाच्या पार जाणारी प्रकाशाची एक लाट! साध्या सूक्ष्मदर्शकाने रेणू का दिसत नाही, हे त्यानंतर वेगळं समजवावं लागत नाही.

आता ग्रेटिंग. संच घ्यायचा तर या फिल्मसाठी घ्या. १ मिलिमीटरमध्ये ५०० रेघा, म्हणजे दोन रेघांमध्ये २ मायक्रोमीटर अंतर. ६५० नॅनोमीटरचा लाल लेझर त्यातून सोडला आणि १ मीटरवर पांढरा कागद लावला, की मधल्या ठिपक्याच्या दोन्ही बाजूंना सुमारे ३४ सेंटिमीटरवर पहिला ठिपका पडतो. रेघांमधलं अंतर गुणिले कोनाची साइन बरोबर तरंगलांबी, एवढंच सूत्र. साधी पट्टी घेऊन मुलं प्रकाशाची तरंगलांबी मोजतात आणि ती लेझरवर छापलेल्या आकड्याच्या जवळ येते. माझ्या मते सगळा विषय इथे उभा राहतो: नॅनोमीटर हा ऐकलेला आकडा राहत नाही, मोजलेला होतो.

मग उलटा प्रश्न. तरंगलांबी कळली, आता याच लेझरने अज्ञात अंतर मोजा. सीडीवरून लेझर परावर्तित केला की ठिपक्यांवरून तिच्या वर्तुळांमधलं अंतर १.६ मायक्रोमीटर निघतं, डीव्हीडीचं ०.७४. डीव्हीडीचा ठिपका इतका तिरका जातो की कागद भिंतीच्या कडेपर्यंत न्यावा लागतो. आणि ब्लू-रे चकती? लेझर सरळ काटकोनात सोडला तर बाजूचा ठिपकाच मिळत नाही. तिथलं अंतर ०.३२ मायक्रोमीटर, प्रकाशाची लाट त्याच्या दुप्पट लांब. साइनची किंमत एकाच्या वर जाते. ठिपका शोधत बसलेल्या गटाला मी लगेच कारण सांगत नाही. काही जण चकती खराब आहे म्हणतात, काही जण गणित करून बसतात. असा उपयोगी गोंधळ या पेटीतल्या दुसऱ्या कुठल्याच वस्तूने घातला नाही.

लेझरबद्दल मात्र सक्त राहा. १ मिलिवॉटच्या आतला, 'क्लास २' असं छापलेला लेझरच वर्गात आणा, आणि परावर्तित किरण डोळ्यांच्या उंचीवर येऊ देऊ नका. स्वस्त हिरवे पॉइंटर टाळलेलेच बरे. त्यांतून न दिसणारा अवरक्त प्रकाशही निसटू शकतो.

ग्रेटिंगमधून दिवे बघणं हा सोपा तास. पांढऱ्या एलईडीत ४५० नॅनोमीटरच्या आसपास निळा पट्टा, मग थोडी अंधारी जागा, मग पिवळ्याभोवतीचा रुंद पट्टा. जुन्या सीएफएलमध्ये पाऱ्याची हिरवी रेघ ५४६ वर, सुटी आणि स्वच्छ. तारेच्या दिव्यात सलग रंग. तिन्ही दिवे 'पांढरे' आणि तिन्हींचे वर्णपट वेगळे.

जांभळा एलईडी दिसायला क्षुल्लक आहे, पण फोटॉनची, म्हणजे प्रकाशाच्या एका कणाची, कल्पना याच्याशिवाय पटत नाही. हायलायटरची पिवळी रेघ किंवा अंधारात चमकणारा कागद घ्या. लाल लेझर कितीही वेळ धरा, काही होत नाही. "तीन लेझर एकाच जागी धरले तर?" असं प्रत्येक तुकडीत कोणीतरी विचारतंच. धरू द्या. काही होत नाही. मग ४०५ नॅनोमीटरचा मिणमिणता एलईडी टेकवला की कागदावर लगेच लिहिता येतं. १२४० ला नॅनोमीटरमधल्या तरंगलांबीने भागलं की एका फोटॉनची ऊर्जा इलेक्ट्रॉन-व्होल्ट या छोट्या एककात येते: लालची १.९, जांभळ्याची ३.१. रेणूला लागते ती एका घासात, हप्त्याने भरून चालत नाही.

रेणू आणि प्रकाश यांना जोडणारी कडी या संचात नाही, ही त्याची मोठी उणीव. ती मी पानांनी भरून काढली. हिरवी पानं स्पिरिटमध्ये चुरडून गाळली की हरितद्रव्य उतरतं. ते पांढरा दिवा आणि ग्रेटिंग यांच्यामध्ये धरलं की वर्णपटातला ६६० च्या आसपासचा लाल आणि टोकाचा निळा-जांभळा भाग गायब. तेच हिरवं द्रावण जांभळ्या एलईडीखाली लालभडक दिसतं. इथे गोळे-काड्या पुन्हा काढा: गाजराला रंग देणाऱ्या बीटा-कॅरोटीनमध्ये एकाआड एक असे ११ दुहेरी बंध असतात, ती साखळी बांधा आणि सांगा की ही साखळी लांब होत गेली की शोषण अतिनीलमधून दृश्य प्रकाशात सरकतं.

ओलेइक आम्लाचा प्रयोग पुस्तिकेत शेवटी दिलाय. तो नॅनोच्या भागात सगळ्यात आधी घ्यावा. स्पिरिटमध्ये २००० पट विरळ केलेलं आम्ल, ताटात पाणी, वर बारीक भुकटी, आणि एक थेंब. एका मिलिलीटरमध्ये ५० थेंब बसत असतील तर थेंबातलं आम्ल म्हणजे एका घनसेंटिमीटरचा लाखावा भाग. भुकटी बाजूला सरून ८ सेंटिमीटर व्यासाचं वर्तुळ झालं, तर थर २ नॅनोमीटर जाड. हा थर एकाच रेणूच्या जाडीचा असतो. रेणूची लांबी फूटपट्टीने मोजली म्हणायची! बेंजामिन फ्रँकलिनने १७७४ साली छापलेल्या लेखात चमचाभर तेलाने अर्धा एकर तळं शांत केल्याचं लिहिलंय. त्याने जाडी काढली नाही, मुलं काढतात. ताट मात्र आधी साबणाने धुवून खूप वेळा खळखळून घ्या. साबणाचा अंश राहिला तर वर्तुळाचा भरवसा नाही.

सोन्याच्या कुपीतलं पाणी लाल दिसतं, कारण १०-२० नॅनोमीटरचे सोन्याचे कण ५२० च्या आसपासचा हिरवा प्रकाश शोषतात. फॅरेडेने १८५७ मध्ये असंच लाल सोनं बनवून त्यावर लिहिलं होतं. थोड्या द्रवात मीठ घातलं की कण एकमेकांजवळ येतात आणि रंग काही क्षणांत निळसर होतो. सोनं तेच, बदललं ते फक्त कणांमधलं अंतर. हा बदल परत फिरत नाही, म्हणून एका वेळी काही थेंबच वापरा. कुपी थंड जागी ठेवा, पण गोठू देऊ नका; गोठली की कण चिकटतात. क्वांटम डॉट्सच्या, म्हणजे आकारानुसार वेगळ्या रंगात चमकणाऱ्या नॅनोकणांच्या, कुप्या या संचात नाहीत. ज्या संचांत असतात तिथे सीलबंदच राहू द्या, पुष्कळदा त्यांत कॅडमियम असतं. लहान कण निळा, मोठा कण लाल, हे मी चित्रांवर भागवलं. २०२३ चं रसायनशास्त्राचं नोबेल बावेंडी, ब्रूस आणि एकिमोव्ह यांना याच कामासाठी मिळालं, एवढा संदर्भ पुरे झाला.

फेरोफ्लुइड आणि 'नॅनो' कापड यांची गंमत दहा मिनिटांची. कापडावरून पाणी घरंगळतं. त्यात काय मोजायचं ते पुस्तिकाही सांगत नाही. फेरोफ्लुइड काही महिन्यांत काचेला चिकटून कुपी काळी झाली.

टिकाऊपणाचं म्हणाल तर ग्रेटिंगची फिल्म बोटांच्या ठशांनी जाते आणि पुसली की आणखी जाते. आल्या दिवशी तिला पुठ्ठ्याच्या चौकटीत बसवा. लेझरचे बटण-सेल लवकर उतरतात. काड्यांची भोकं सैल झाली, तरी चालतंय. पुढच्या वर्षासाठी मी चौकटींसह जास्तीची फिल्म आणि दुसरा जांभळा एलईडी मागवलाय. गोळे आहेत तेच पुरतील. फक्त हायड्रोजन कमी पडतोय, ते पांढरे छोटे गोळे मुलांच्या खिशातून घरी गेलेत.