मराठी नाम-क्रियापद कार्डांचा सेट: ८ महिने वापरल्यानंतरचा अनुभव

मागच्या जूनमध्ये मुलगी दुसरीत गेली तेव्हा हा सेट ऑनलाइन मागवला, ८५० रुपयांना पडला. कंपनीचं नाव लिहीत नाही कारण अशा प्रकारचे दोन-तीन सेट बाजारात आहेत आणि मला जे सांगायचंय ते कोणताही घेतलात तरी उपयोगी पडेल. शाळा इंग्रजी माध्यमाची. महाराष्ट्रात शाळांत मराठी सक्तीची करणाऱ्या २०२० च्या कायद्यानंतर मराठी विषय सगळीकडे आहेच, पण घरात कार्टून हिंदी, शाळेत इंग्रजी, त्यामुळे ती सरळ "माझी पुस्तक कुठंय" म्हणायची. किताब स्त्रीलिंगी ना हिंदीत, ते तसंच्या तसं मराठीत यायचं. मला त्याचा खरंच त्रास व्हायचा.

बॉक्समध्ये चित्रांची नामं, क्रियापदं, थोडी विशेषणं, प्रत्ययांच्या पट्ट्या आणि विरामचिन्हांच्या टिकल्या. नामावर काळा त्रिकोण आणि क्रियापदावर लाल गोल, म्हणजे माँटेसरी शिक्षणपद्धतीतली खूण. ती मुलांना पटकन कळते, त्रिकोण जागचा हलत नाही आणि गोल घरंगळतो एवढं सांगितलं की झालं. पुठ्ठा जाड आहे, पण लॅमिनेशन चौथ्या महिन्यात कडेने सुटलं.

पण मुख्य अडचण वेगळी आहे. हा सेट इंग्रजीच्या सेटवरून बेतलाय हे पहिल्या आठवड्यातच कळतं. "व्यक्ती, वस्तू, ठिकाण यांचं नाव म्हणजे नाम" एवढं शिकवून पुढे जातात आणि लिंगाबद्दल कुठंच काही नाही! मराठीत नाम शिकवायचं तर तो-ती-ते शिवाय कसं शिकवणार? मी पहिले दोन महिने कार्डं बाजूलाच ठेवली आणि स्वयंपाकघरात बसले तिला घेऊन. तो चमचा, ती वाटी, ते ताट. तो तवा, ती कढई, ते पातेलं. भांडी पुसताना तीन ढीग करायचे, रोज दहा मिनिटं, बास. मग कार्डांच्या मागे तीन रंगांचे ठिपके दिले. बालशिक्षणात काम केलेल्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला पानं, बिया, शंख-शिंपले घेऊन मुलांना शिकवलं त्याचं मोल मला तेव्हा कळलं, हातात वस्तू असली की शब्द मुलाच्या तोंडात आपोआप बसतो.

आता या सेटने जे दिलं ते सांगते, कारण त्यासाठीच मी हे लिहायला बसले. ऑक्टोबरात एका संध्याकाळी आम्ही "मुलगी आंबा खाते" मांडलं. मग मी कार्डं बदलून "मुलीने आंबा खाल्ला" केलं. ती थांबली. "आई, मुलगी आहे ना, मग खाल्ला कसं?" मी नियम सांगितला नाही, नुसता आंबा उचलून चिंच ठेवली आणि विचारलं आता काय म्हणशील. "मुलीने चिंच खाल्ली." मग केळं ठेवलं. "खाल्लं." मग तिने स्वतःच "मुलीने" काढून "मुलाने" ठेवलं, परत चिंच ठेवली, मोठ्याने वाचलं, "मुलाने चिंच खाल्ली", आणि ओरडलीच, "ते चिंचेचं ऐकतंय! मुलाचं ऐकतच नाही!" कर्मणी प्रयोग, म्हणजे क्रियापद कर्त्याचं न ऐकता कर्माप्रमाणे बदलतं तो, मला शाळेत पाठ करून कधी कळला नव्हता, ती सात वर्षांची पोरगी जमिनीवर बसून तो स्वतः शोधते हे बघताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं. कार्डं हलवता येतात म्हणून हे झालं, वहीत हे होत नाही.

शब्दांचा क्रमही असाच मजेने झाला. शाळेत इंग्रजीत शब्द इकडचे तिकडे केले की आंबाच मुलीला खातो, पण "आंबा मुलगी खाते" म्हटलं तरी आपल्याला कळतं कोण कोणाला खातंय, फक्त जोर बदलतो. शेवटी "का" ठेवलं की प्रश्न, हे तिला फार आवडलं, आठवडाभर घरात सगळ्याला "का" लागत होतं. पूर्णविरामाची टिकली हरवली तर साबुदाण्याचा दाणा ठेवतो आम्ही.

प्रत्ययांच्या पट्ट्या मात्र अजिबात चालत नाहीत. नामाला जोडली की "घोडाला", "विहीरला", "फूलला" असंच वाचलं जातं, सामान्यरूपाचा, म्हणजे प्रत्यय लागताना नामाचं जे रूप बदलतं त्याचा, पत्ताच नाही. मी जुन्या लग्नपत्रिका कापून घोड्या-, माळे-, विहिरी-, फुला-, झाडा- अशी वेगळी कार्डं केली, त्यांना पट्टी लावायची. विहीर लिहिताना दीर्घ आणि विहिरीला लिहिताना ऱ्हस्व हे तिला त्यातूनच दिसलं, शुद्धलेखन वेगळं घ्यावं लागलं नाही. आणखी एक, एका केळ्याच्या चित्राखाली "केळी" छापलंय. एक असेल तर केळं किंवा केळे, अनेक असतील तर केळी, मुलांच्या सामानात अशी चूक चालत नाही. मेल केला होता, उत्तर आलं नाही.

बॉक्सवर वय ३+ लिहिलंय ते मनावर घेऊ नका. धाकटा तीनचा आहे, तो चित्रं बघून नावं सांगतो, वाक्य मांडणं त्याला जमत नाही आणि जमायची घाईही नाही. साडेपाच-सहाच्या पुढे घ्या, अक्षरओळख झाल्यावर. आणि घेतलात तर लिंगाचे ठिपके आणि सामान्यरूपांची कार्डं पहिल्याच रविवारी करून ठेवा, माझे दोन महिने गेले तसे तुमचे जायला नकोत. परवा ती आजीला फोनवर सांगत होती, "माझं पुस्तक बाबाने कपाटावर ठेवलं." मी पलीकडच्या खोलीत होते, तिथेच दोन मिनिटं बसून राहिले.